पाहुणे म्हणायचं

सून आंघोळीला गेली की मी न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि तिला बोलतं ठेवायचे. हातात काजाचं काम असायचं, पण कान आत.

"आई, बोलतेय हो मी."

"काय बोलतेस?"

"काय बोलू, तेच बोलतेय."

"मग तेच बोल, पण मोठ्यानं."

हा आमच्या घरातला नवा नियम होता. आत जाणारीनं कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं, आणि बाहेर येईपर्यंत तोंड मिटायचं नाही. सून कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात कामाला होती. ती तिथल्या गोष्टी सांगायची, कोणता साहेब कॉलरवर किती पावडर सांडतो, कुणाच्या खिशात काय निघालं. मी आत गेले की सासरच्या माणसांची उणीदुणी काढायचे. एकेकाला धरायचे आणि डोक्यावर पाणी घेता घेता त्यालाही धुऊन काढायचे. सून म्हणायची, "आई, तुमची आंघोळ ऐकायला जिन्यात गर्दी होते."

आम्ही हसायचो, पण मामला हसण्यासारखा नव्हता.

घरमालकानं मागच्या बोळात, आमच्या वरच्या मजल्याच्या उंचीला, एक नवी खोली बांधायला घेतली होती, भाड्यानं द्यायला. तिची भिंत नेमकी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीवर आली. खिडकी विटांनी बुजली. आत गॅसचा गिझर, आणि त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर जायला बोटभर वाट राहिली नाही. थोड्याच दिवसांत एका सकाळी सून आंघोळीला गेली आणि मला बादली घरंगळल्याचा आवाज आला. दार लोटून पाहते तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हती. सातवा महिना लागला होता तिला. मी तिला काखेत धरून फरफटत जिन्यापर्यंत आणली. वारा लागला, उलटी झाली, मग म्हणाली, "आई, नळ चालू राहिलाय."

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही हाती लागली नसती, आणि पुन्हा झालं तर आधी पोटातल्याला लागेल.

तुम्ही म्हणाल, मग गिझर वापरायचा नाही, गार पाण्यानं आंघोळ करायची. केली की. पण त्याच गिझरची नळी खाली घरमालकाच्या स्वयंपाकघरात गेलेली होती. खाली भांडी घासायला गरम पाण्याचा नळ सोडला की वर आमच्या न्हाणीघरात गिझर आपोआप भडकायचा. खाली नळ कधी सुटेल ते आमच्या हातात नव्हतं. गॅसची टाकी जिन्यात जाळीच्या पेटीत होती, पेटीला कुलूप, आणि किल्ली मालकाच्या खिशात. म्हणून ते बोलत राहणं.

घरमालक वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. माझा मुलगा लांबच्या कारखान्यात कामाला, महिन्या दोन महिन्यांनी घरी येणारा. घरात नुसत्या बायका म्हटल्यावर कुणी खोली देत नव्हतं. यानं दिली. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणाला. मी त्याला भाऊ म्हणायचे, त्याच्या बायकोला वहिनी. सुनेचे ते मामा-मामी. एकच अट घातली होती त्यानं.

"ताई, कुणी विचारलं तर पाहुणे म्हणायचं. मीटर वाचणारा येवो, नाहीतर माणसं मोजणारा येवो. भाडेकरू म्हटलं की कचेरीत नोंद आली, नोंद आली की तपासणी आली. आपल्यात कशाला तिसरा माणूस?"

आपल्यात म्हणाला, ते मला फार गोड लागलं. तेव्हापासून आम्ही पाहुणे. मीटरवाल्याला पाहुणे, मोजणीवाल्याला पाहुणे, टपाल टाकणाऱ्याला सुद्धा पाहुणे. पुढे पुढे तर दार वाजलं की माणूस कोण ते बघायच्या आत तो शब्द माझ्या जिभेवर येऊन बसायचा.

नाक्यावरच्या भिंतीवर नगरपालिकेची एक नोटीस लागली होती. मी उतारवयात वाचायला शिकले, त्यामुळे रस्त्यातली एकही पाटी सोडत नाही. त्यात लिहिलं होतं की भाड्यानं दिलेली जागा राहायला सुरक्षित असली पाहिजे. भाडेकरूनं तक्रार केली तर तपासणी होईल आणि निर्णय लागेपर्यंत त्याला कुणी जागेतून काढू शकणार नाही. वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, बिचाऱ्या भाडेकरूंची चांगली सोय झाली. आपण त्यांतलेच आहोत, हे काही डोक्यात आलं नाही.

सुनेच्या आलं.

भाऊला आम्ही दोनदा सांगून पाहिलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, "गरोदर बाईला चक्कर येतेच, त्यात गिझरचा काय दोष?" दुसऱ्यांदा म्हणाला, "दार उघडं टाकून आंघोळ करा, तुम्ही दोघीच तर आहात." सून ऐकून घ्यायची आणि वर येऊन ओठ आवळून भाजी चिरायची. तिच्या चिरण्यावरून मला कळायचं, आत काय चाललंय ते.

त्या दिवशी ती कामावर गेलेली होती. सकाळ निम्मी सरली असेल. मी काजं करत बसले होते. शिवणाच्या कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, मी काजं करून बटणं लावून परत द्यायचे. दार वाजलं. दारात एक बाई, खांद्याला जड पिशवी, गळ्यात ओळखपत्र. तिच्यामागे जिन्यात भाऊ. बनियनवरच, घाईनं वर आलेला.

"मी नगरपालिकेतून आले. तपासणीसाठी," बाई म्हणाली. "तुम्ही इथे राहता?"

"पाहुणे आहोत," मी म्हटलं.

ती थांबली. आत नजर टाकली. शर्टांचे गठ्ठे, दोरीवरचे कपडे, फळीवरचे डबे. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिची नजर जरा जास्त वेळ राहिली.

"पाहुणे म्हणजे? किती दिवसांसाठी आलात?"

"आलोय. थोड्या दिवसांसाठी."

"माझी ताई आहे ती," भाऊ मागून म्हणाला. "बहिणीनं भावाकडे यायला आता परवानगी लागते का?"

बाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडेच बघत म्हणाली, "पुन्हा विचारते, नीट ऐका. तुम्ही इथे भाड्यानं राहता का?"

मी भाऊकडे पाहिलं. त्याचा हात जिन्याच्या कठड्यावर होता आणि अंगठा कठड्यावर सारखा घासत होता. मला वाटलं, याच्यावर काहीतरी बालंट आलंय. आपण वाचवायला हवं.

"नाही बाई," मी म्हटलं.

"मग मला आत येता येणार नाही. भाड्याची जागा नसेल तर मालकाच्या इच्छेशिवाय मी उंबरा ओलांडू शकत नाही. मालक, न्हाणीघर दाखवता?"

"घरातल्या बायकांचं न्हाणीघर दाखवायचं? जा तुम्ही."

ती कागदावर काहीतरी लिहून गेली. जाताना एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि न्हाणीघर कशाला बघायचं होतं हिला, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला. पण भाऊ दारात उभा होता.

"ताई, तक्रार कुणीतरी आपल्या घरातूनच केलीय."

"आपण कशाला करू, भाऊ?"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि खाली गेला. त्याला नुसता संशय होता, मला तर तोही नव्हता.

दुपारी सून अर्ध्या कामावरून आली. धापा टाकत जिना चढली, पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "आल्या होत्या का?"

"कोण?"

"तपासणीच्या बाई. आज येणार होत्या. मला सुट्टी मिळाली नाही वेळेवर." मग माझा चेहरा बघून तिचा आवाज बदलला. "आई, त्यांना काय सांगितलंत?"

"नेहमीचंच."

ती खाली बसली. गठ्ठ्यावरच बसली. तिला असं गप्प बघायची मला सवय राहिली नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मामींना सांगितलं असतं."

खरं होतं. मी सांगितलंच असतं. वहिनीला सांगितल्याशिवाय मी मीठ सुद्धा आणत नव्हते.

"आता काय होईल?"

"तक्रार भाडेकरूनं केली तर त्याला काढता येत नाही. पण तुम्ही तर सांगून टाकलंत की इथे भाडेकरूच नाही. आता मामांना कळलं की..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही, कारण भाऊ दारात होता. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं.

"कळलं," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सूनबाई, मी तुझ्या सासूला बहीण मानली. तू मला कचेरीत नेऊन उभं केलंस."

"मामा, खिडकी उघडा म्हणून दोनदा पाया पडले मी तुमच्या."

"माझं घर आहे. खिडकी कुठे ठेवायची, मी ठरवीन. आणि पाहुण्यांनी किती दिवस राहायचं, तेही मीच ठरवीन. अंधार पडायच्या आत सामान काढा."

"या अवस्थेत कुठे जाऊ मी?"

"ते तक्रार करताना विचारात घ्यायचं होतंस."

"भाऊ," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. "ताई, तुम्हीच तर म्हणालात त्या बाईला, पाहुणे म्हणून. मी नाही म्हणालो."

तो गेला. माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. शब्द माझ्या तोंडून गेला होता, तो आणायला दुसरं कुणी जाऊन चालणार नव्हतं.

"तू दारात उभी राहा," मी सुनेला म्हटलं. "कुणी आलं तरी चौकट सोडू नकोस. आणि न्हाणीघराकडे फिरकू नकोस."

"तुम्ही कुठे निघालात?"

"कचेरीत."

"तुम्हाला खोली सापडणार नाही तिथे."

"पाट्या वाचीन," मी म्हटलं.

कचेरी बंद व्हायला आली होती. खुर्च्या ओढल्याचे आवाज, एक माणूस पंखे बंद करत फिरत होता. तपासणीबाई पिशवी खांद्याला लावून उभीच होती. मला बघून तिनं पिशवी खाली ठेवली.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "आम्ही पाहुणे नाही."

"माहीत आहे मला. एका खिळ्यावर चार वर्षांची कॅलेंडरं होती. पाहुणे जुनी कॅलेंडरं बरोबर घेऊन येतात का?"

"मग लिहून का नाही घेतलंत?"

"मी बघितलेलं लिहून चालत नाही, मावशी. तुम्ही सांगितलेलं लिहावं लागतं. दोनदा विचारलं तुम्हाला."

ती खुर्चीवर बसली, मलाही बसवलं. मग हळू, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. तुम्हाला मालक काय म्हणतो आणि तुम्ही मालकाला काय म्हणता, याच्याशी नियमाला काही घेणं नाही. ताई म्हणा, मावशी म्हणा, पाहुणी म्हणा. जागेच्या बदल्यात काही देता आणि तिथे राहता, तर तुम्ही भाडेकरू. पण ते तुम्हाला स्वतः म्हणावं लागेल, त्या जागेत, मालकासमोर. तो नाही म्हणाला तर म्हणू दे.

"त्याच्या तोंडावर?"

"तोंडावरच."

"बाई, चार वर्षं भाऊ म्हणतेय मी त्याला."

"मग काय करायचं?" ती म्हणाली. "मी घरी जाऊ?"

तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. खरंच विचारत होती. मला सुनेचे ते उघडे डोळे आठवले, मला न ओळखणारे.

"चला," मी म्हटलं.

वाटेत मी तो शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला. भाडेकरू. किती साधा शब्द, आणि जिभेवर बसत नव्हता. तपासणीबाईला कळलं असावं. ती म्हणाली, "मोठ्यानं म्हणून बघा, सवय होते." मी म्हटलं. शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल, म्हातारी शिवी देतेय.

जिना चढलो तर दाराजवळून हाताला लागलेली आमची दोन बोचकी बाहेर पायरीवर ठेवलेली. सून चौकटीत उभी होती, दोन्ही हात दोन्ही बाजूंना लावून, पोट पुढे. तिच्यासमोर भाऊ, आणि त्याच्या हातात आमची पाण्याची कळशी.

"कळशी खाली ठेवा," तपासणीबाई म्हणाली.

"तुम्ही परत आलात?"

"यांनी आणलं."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी कळशीकडे बघत म्हटलं, मग मान वर करून पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा आवाज फुटलाच नव्हता.

"आम्ही इथे भाड्यानं राहतो. मी भाडेकरू आहे. ही पण."

"ताई," भाऊ म्हणाला. एवढंच.

"सकाळचं खोटं होतं," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्यासाठी खोटं बोललात, आणि आता माझ्याविरुद्ध खरं बोलताय."

"हो, भाऊ."

तपासणीबाईनं कळशी त्याच्या हातून घेतली आणि आत नेऊन ठेवली. उंबरा ओलांडून. "आता निर्णय लागेपर्यंत यांना इथून कुणी हलवायचं नाही. ही बोचकी आत घ्या. न्हाणीघर कुठलं?"

पिशवीतून तिनं वायू मोजायचं मुठीएवढं यंत्र काढलं. गरम पाण्याचा नळ सोडला, गिझर भप्पकन पेटला. तिनं यंत्र आत फळीवर ठेवलं, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि आम्ही सगळे दाराकडे तोंड करून उभे राहिलो. पाणी पडत होतं. थोडा वेळ काही नाही. भाऊच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. मग यंत्र आतून किंचाळायला लागलं, आणि थांबेना.

बाईनं नाकाला रुमाल लावून दार उघडलं, नळ बंद करून यंत्र बाहेर काढलं. त्यावरचा आकडा बघून तिचा चेहरा उतरला. "यात तुम्ही आंघोळ करत होता?" तिनं सुनेला विचारलं.

"बोलत बोलत," सून म्हणाली.

"मालक, पेटीची किल्ली द्या. टाकी आत्ताच्या आत्ता बंद करायची."

"तुमचं यंत्र तुमच्यासारखंच," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आधी ठरवून येतं आणि मग ओरडतं. माझ्या घरात विष आहे म्हणता? मी दाखवतो काय आहे ते."

आणि कुणाला काही कळायच्या आत तो न्हाणीघरात शिरला. दार आपटलं. आतून कडी सरकली. नळ सुटला, गिझर पुन्हा पेटला.

"मालक, बाहेर या," तपासणीबाई दार ठोठावत म्हणाली. "आधीचाच वायू आहे आत."

"उभा आहे मी. मजेत आहे. गरम पाण्याची वाफ घेतोय."

"मामा, बोलत राहा," सून म्हणाली. "थांबू नका, बोलत राहा."

"बोलतो की. काय ऐकायचंय? तुझ्या सासूला मी खोली दिली तेव्हा गल्लीत कुणी..." तो बोलत होता. आमच्यावर, नगरपालिकेवर, नव्या खोलीच्या गवंड्यावर. आधी मोठ्यानं. मग एक वाक्य दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "ही भिंत कुणी इथे आणली," आणि तेच पुन्हा, हळू. मग नुसतं पाणी.

"भाऊ," मी दारावर थाप मारली. "भाऊ, बोला."

पाणीच.

"टाकी बंद करा," तपासणीबाई ओरडली. पण पेटीला कुलूप होतं आणि किल्ली आत, त्याच्या खिशात.

सून जिन्याच्या कठड्यावरून वाकली. "मामी, पाण्याची मोठी चावी बंद करा. आत्ता. मामा आत पडलेत."

खाली भांडं पडल्याचा आवाज झाला. आमच्या नळाची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, आणि गिझर विझला. पण जे आत साठलं होतं ते होतंच. तपासणीबाईनं खांद्यानं दाराला धडक दिली, दार हललं नाही. मी काजाच्या कामाचं स्टूल उचललं, लाकडी, जड, आणि दाराच्या खालच्या फळीवर मारलं. ती फळी पाण्यानं कुजलेली होती. दुसऱ्या घावाला फुटली, तिसऱ्याला आत गेली. बाईनं हात घालून कडी चाचपली. सापडेना. माझ्या तोंडातून आवाज येत होता, काय बोलत होते कोण जाणे, सून मागाहून म्हणाली की मी त्याला शिव्या घालत होते.

कडी सुटली.

मी आणि तपासणीबाईनं त्याला पायांना धरून बाहेर ओढला. जड होता, ओला होता, ओठ विचित्र लाल. जिन्यात, वाऱ्याला आणून टाकला. वहिनी वर आली होती. ती त्याच्या डोक्याशी बसली आणि गालावर चापट्या मारत राहिली, जोरात, जणू कित्येक वर्षांच्या राहून गेलेल्या. तपासणीबाई फोनवर पत्ता सांगत होती. सून भिंतीला टेकून उभी होती, हात पोटावर.

तो खोकला. मग उलटी झाली. वहिनीनं पदर पुढे धरला.

रुग्णवाहिकेची माणसं त्याला नेत असताना वहिनीनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबला. "ताई, खाली दूध उतू गेलं असेल, बघा जरा." मग तिला आठवलं असावं, आपण हे कुणाला सांगतोय. ती क्षणभर थांबली. पण किल्ल्या परत मागितल्या नाहीत.

दूध उतू गेलंच होतं. मी शेगडी पुसली.

तपासणीबाईनं न्हाणीघराच्या दारावर कागद लावला. गिझर बंद. मधली भिंत पाडून खिडकी मोकळी करायची, मालकाच्या खर्चानं. काम होईपर्यंत आणि त्यानंतरही, तक्रार केली म्हणून भाडेकरूंना काढता येणार नाही. मी तो कागद सावकाश, अक्षर न् अक्षर वाचला. सून म्हणाली, "आई, मोठ्यानं वाचताय." मी म्हटलं, "वाचू दे."

भाऊ आठवड्यानं घरी आला. बारीक झाला होता, जिना चढताना थांबायचा. मी एकदा दारात आडवी आले. म्हटलं, "बरं आहे ना आता, भाऊ?"

"बरं आहे, बाई," तो म्हणाला.

चार वर्षांत पहिल्यांदा बाई. मी आत येऊन काजं करायला बसले. तीन काजं वाकडी गेली, उसवून पुन्हा केली. सून बघत होती. तिला बाळंतपणाला जायचं होतं, बाळ घेऊन इथेच यायचं होतं, आणि खोली आमची होती. हे सगळं मला मिळालं होतं, आणि त्याची जी किंमत होती तीही मीच मोजत होते. तिला त्यात ओढायचं कारण नव्हतं.

वहिनी मात्र येत राहिली. आधीसारखी बसायची नाही. दाराशी उभी राहून बोलायची, सुनेसाठी काहीबाही वाटीत आणून द्यायची, आणि नवऱ्याचं पाऊल वाजलं की निघून जायची. एकदा जाता जाता म्हणाली, "त्यांना माहीत होतं, ताई. खिडकी बुजवतानाच गवंडी म्हणाला होता. हे म्हणाले, बघू." मग माझ्या हातावर हात ठेवला आणि काढून घेतला.

गवंडी एका सकाळी आला. छिन्नी, हातोडा, घमेलं. नव्या खोलीत भाड्याला अजून कुणी आलं नव्हतं, तिची भिंत आता फोडायची होती. आम्ही भांड्यांवर चादरी टाकल्या, शर्टांचे गठ्ठे पलंगाखाली सरकवले. सून स्वयंपाकाच्या कट्ट्याशी तोंडाला फडकं बांधून उभी होती आणि मला हातानं बाजूला व्हायची खूण करत होती.

गवंड्यानं न्हाणीघराची भिंत ठोकून बघितली आणि जिन्यातून खाली हाक मारली. "मालक, कुठून फोडू? वरून की बाजूनं? खिडकी केवढी ठेवायची?"

भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसलेला मला जिन्याच्या जाळीतून दिसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मला काय विचारतोस? वर राहणाऱ्यांना विचार."

गवंडी माझ्याकडे वळला. मी न्हाणीघरात गेले, फुटक्या फळीवरून पाय टाकला आणि विटांवर हात ठेवला. सांध्यातलं सिमेंट ओलसर होतं.

"इथून धर," मी म्हटलं. "पार वरपर्यंत."